किलोमीटर आणि मजल

आमची थोरली लेक लक्षद्वीपमधल्या अगत्ती बेटावर डॉक्टर आहे आणि धाकटा मुलगा अंदमानात, पोर्ट ब्लेअरला बँकेत आहे. हे ऐकलं की निम्मे लोक हमखास म्हणतात, "अरे वा, दोघंही बेटांवर! मग सुट्टीला एकमेकांकडे जात असतील." त्यांच्या मनात समुद्र एकच असतो आणि बेटं त्यात शेजारीशेजारी बसलेली असतात. प्रत्यक्षात एक अरबी समुद्रात, दुसरा बंगालच्या उपसागरात आणि मध्ये सगळा दक्षिण भारत आडवा.

उरलेले निम्मे, विशेषतः तरुण मंडळी, लगेच फोन काढतात. दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि उड्डाणाचा वेळ समोर येतो. "मावशी, दोन हजार दोनशे चाळीस किलोमीटर. तीन तास दहा मिनिटं." एवढं सांगून फोन पुन्हा खिशात जातो. त्यांच्या लेखी प्रश्न तिथेच संपलेला असतो.

आकडे चूक नाहीत. बेळगावातल्या एका मराठी शाळेत मी अठ्ठावीस वर्षं भूगोल शिकवला आहे, त्यामुळे ते ताडून बघितल्याशिवाय मला राहवलं नाही. अगत्ती साधारण ७२.२ अंश पूर्व रेखांशावर आहे, पोर्ट ब्लेअर ९२.७ अंशांवर. अक्षांश दोघांचे जवळजवळ सारखेच, अकराच्या आगेमागे. रेखांशांतला फरक साडेवीस अंशांचा. विषुववृत्तावर एका अंशाला १११ किलोमीटर होतात; अकराव्या अक्षांशावर ते थोडे आकसून १०९ होतात. साडेवीस गुणिले १०९ करा, २२३५ च्या जवळ उत्तर येतं. कागद-पेन्सिलीने इतकं नेमकं जमतं, हे मुलांना दाखवायला मला अजूनही आवडतं.

घरी जुना पृथ्वीगोल आहे. त्यावर अगत्तीपासून पोर्ट ब्लेअरपर्यंत दोरा ताणून धरला. दोरा केरळच्या किनाऱ्यावर कोळिकोडच्या थोडा दक्षिणेला चढतो, कोइंबतूरवरून जातो, तिरुचिरापल्लीच्या उत्तरेने पुढे सरकतो आणि कावेरीची शाखा कोल्लिडम जिथे समुद्राला मिळते तिथे जमीन सोडतो. त्यानंतर अंदमानपर्यंत नुसतं पाणी. या दोऱ्याच्या दक्षिणेला पन्नासेक किलोमीटरवर तंजावर आहे. बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा लांबलचक मराठी लेख तिथेच आहे. आपली माणसं विमानं नसतानाही किती लांब जाऊन राहिली, याची आठवण दोऱ्याने सहज करून दिली.

आणखी एक गंमत. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावर बेतलेली आहे. आमची लेक त्या रेषेच्या दहा अंश पश्चिमेला आणि मुलगा दहा अंश पूर्वेला. दोघांच्या मनगटावर घड्याळ एकच वेळ दाखवतं, पण सूर्य बेटाबेटांत ब्याऐंशी मिनिटांचा फरक करतो. जुलैत पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास उजाडतं, अगत्तीला जवळजवळ साडेसहाला. संध्याकाळी आम्ही तिघं व्हिडिओ कॉलवर असलो की मुलाच्या खिडकीत काळोख असतो आणि लेकीच्या मागे नारळाच्या झावळ्यांवर ऊन. सासूबाई म्हणतात, "ह्याच्याकडे दिवेलागण झाली नि हिच्याकडे अजून चहा झालेला नाही, हा कसला एक देश!"

तर अंतर खरं आहे. तीन तास दहा मिनिटंही एका अर्थी खरी आहेत. मोठं जेट विमान ताशी सव्वाआठशे ते साडेआठशे किलोमीटरने जातं. त्या हिशेबाने दोन तास चाळीस मिनिटं झाली, वर चढण्या-उतरण्याची अर्धा तास धरली. पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे जोराचं वारं वाहतं, त्यामुळे पोर्ट ब्लेअरकडून येताना काही मिनिटं वाचतील आणि जाताना काही जास्त लागतील, एवढाच काय तो फरक.

अडचण अशी, की हे विमान अस्तित्वातच नाही. वेळापत्रकात तर नाहीच, पण असू शकेल असंही नाही. पोर्ट ब्लेअरच्या वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाची धावपट्टी तीन हजार मीटरहून लांब आहे, तिथे मोठी जेट विमानं रोज उतरतात. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण घरात आमच्या तोंडी अजून पोर्ट ब्लेअरच आहे.) अगत्तीची गोष्ट वेगळी. सगळ्या लक्षद्वीपमध्ये विमानतळ तो एकच. बेट इतकं चिंचोळं, की धावपट्टी जेमतेम बाराशे मीटरची, दोन्ही बाजूंना समुद्र. तिथे पंख्याची एटीआर विमानं उतरतात. आता हिशेब लावा. मोठं जेट तीन तासांत पोहोचेल, पण अगत्तीला उतरू शकत नाही. एटीआर उतरू शकतं, पण भरलेलं एटीआर एका दमात साधारण दीड हजार किलोमीटर जातं; त्याला सव्वादोन हजार झेपत नाहीत. एक पोहोचू शकतं ते उतरू शकत नाही, दुसरं उतरू शकतं ते पोहोचू शकत नाही.

म्हणजे ती तीन तास दहा मिनिटं कुठल्याच माणसाची नाहीत. ती फक्त भागाकाराची आहेत.

हे सगळं फार तर निवांत दुपारचं कोडं म्हणून राहिलं असतं. गेल्या जुलैत मात्र ते आमच्या घरात शिरलं.

एका सोमवारी ह्यांच्या छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात नेलं. संध्याकाळपर्यंत अँजिओग्राफी झाली. तीन ठिकाणी अडथळे निघाले. डॉक्टर म्हणाले, बायपास करायची, गुरुवारी सकाळी. तोवर इथेच ठेवू. मी बाहेरच्या बाकावर बसून आधी लेकीला फोन लावला, मग मुलाला. दोघांनीही एकच वाक्य म्हटलं, "आई, मी निघते" आणि "आई, मी निघतो."

घरी सासूबाई एकट्या होत्या. त्यांना बातमी सांगितली तेव्हा त्या काही वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारलं, "पोरांपैकी आधी कोण पोहोचेल?" अंतर तर मला पाठ होतं. अगत्तीहून बेळगाव सरळ रेषेत सव्वासहाशे किलोमीटरही नाही. पोर्ट ब्लेअरहून दोन हजारांच्या वर. सासूबाईंनी स्वतःच उत्तर दिलं, "नात जवळ आहे, ती येईल आधी. नातू येईल मागून."

मंगळवारी सकाळी पावणेसातला मुलाने पोर्ट ब्लेअरची खोली सोडली. विमानतळावर दीड तास. मग बंगळूरपर्यंत पावणेतीन तासांचं उड्डाण. बंगळूरला पाच तास बसून राहिला, कारण सांबऱ्याचं विमान संध्याकाळचं होतं. ते सव्वा तासाचं. सातच्या सुमारास पाठीवरची पिशवीसुद्धा न उतरवता तो बाबांच्या खाटेशी उभा होता. बारा तास. त्यातले हवेत चार, बाकीचे आठ वाट बघण्यात. पण ज्या दिवशी निघाला त्याच दिवशी पोहोचला.

त्याच मंगळवारी लेकसुद्धा सकाळी अगत्तीच्या विमानतळावर जाऊन बसली होती. गोव्याहून अगत्तीला २०२४ पासून थेट विमान सुरू झालं, तेव्हा आम्हाला केवढा आनंद झाला होता! गोव्यात उतरायचं आणि घाट चढून चार तासांत घरी. पण त्या दिवशी ते विमान नव्हतं, आणि पुढच्या दोन दिवसांतही जागा मिळण्याजोगं नव्हतं. म्हणून तिने कोचीचं धरलं. कोचीपर्यंत अंतर साडेचारशेच्या वर थोडं, वेळ दीड तासाच्या आत-बाहेर.

विमान आलं. तिने आवाज ऐकला. ढगाच्या वर कुठेतरी ते दोनदा फिरलं, आणि आवाज बारीक होत गेला. पावसाने धावपट्टी दिसत नव्हती. विमान कोचीला परत गेलं.

बुधवारी ते कोचीहून सुटलंच नाही. जहाजाची चौकशी केली, तर पावसाळ्यात वेगवान बोटी बंद आणि मोठ्या जहाजाची वेळ जुळत नव्हती. बुधवारी रात्री ती फोनवर मला बेटाची हवा सांगत होती, वाऱ्याची दिशा सांगत होती, ढग किती खाली आहेत ते सांगत होती. डॉक्टर मुलगी, पण तिच्या तोंडून मला एखाद्या तांडेलाचं बोलणं ऐकू येत होतं.

गुरुवारी सकाळी साडेसहाला ह्यांना आत नेणार होते. सव्वासहाला तिचा फोन आला. ह्यांच्या कानाशी धरला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण हे म्हणाले, "बरं. बरं. तू तुझं बघून ये. घाई करू नकोस." मग फोन माझ्याकडे देऊन म्हणाले, "तिच्याकडे आत्ता उजाडतंय म्हणे. आज आकाश मोकळं आहे." दहा मिनिटांनी त्यांना आत नेलं. मुलगा माझ्याशेजारी बसला होता. माझा एक हात त्याच्या हातात होता आणि दुसऱ्यात फोन.

शस्त्रक्रिया साडेचार तास चालली. ती चालू असतानाच तिचं विमान अगत्तीला उतरलं आणि तिला घेऊन उडालं. तिचा कोचीहून फोन आला तेव्हा सर्जन नुकतेच बाहेर येऊन "सगळं व्यवस्थित झालं" म्हणून गेले होते. पुढे कोचीहून संध्याकाळच्या विमानाने बंगळूर आणि तिथून रात्रभर बस. शुक्रवारी सकाळी सातला ती अतिदक्षता विभागाच्या काचेपलीकडून बाबांना बघत होती.

मंगळवार सकाळ ते शुक्रवार सकाळ. बहात्तर तास. त्यातले हवेत अडीच. भाऊ तिप्पट लांबून बारा तासांत आला होता.

सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे ती जवळ नव्हतीच." आणि मग त्यांनी जो शब्द वापरला, तोच पुढे आमच्या घरात रुळला. "तिची मजलच मोठी."

मजल हा शब्द तुमच्यापैकी अनेकांनी फक्त "मजल दरमजल करत" एवढ्यापुरता ऐकला असेल. मजल म्हणजे एका दिवसात तोडायची वाट, एका मुक्कामापासून दुसऱ्या मुक्कामापर्यंतची. कोस होते, पण माणसं प्रवासाचा विचार कोसात करत नसत. "चार मजला आहेत" म्हणजे चार रात्री वाटेत काढायच्या. घाट आला की मजल लहान व्हायची, नदीला पूर आला की ती अलीकडच्या काठावरच थांबायची. सासूबाईंचं माहेर खानापुराकडे. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा पावसाळ्यात माहेर "दोन दिवसांवर" असायचं आणि उन्हाळ्यात "दुपारपर्यंत". गाव जागचं हललेलं नसायचं. किलोमीटर तेच, मजल वेगळी.

आपल्या पूर्वजांनी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदं, तंजावर गाठलं ते असंच, मजला मोजत. निघताना त्यांना ठाऊक असायचं, की मागे कुणाला काही झालं तर बातमी पोहोचायलाच इतके दिवस आणि आपण परतायला तितके. बातमी आणि माणूस जवळपास एकाच वेगाने चालत. घोडेस्वार जासूद थोडा पुढे, एवढंच.

आणि जिथून परतीची मजलच नव्हती, त्या जागेला आपल्याकडे "काळं पाणी" म्हणत. १९११ मध्ये सावरकरांना 'महाराजा' नावाच्या आगबोटीतून अंदमानात नेलं. मद्रास ते पोर्ट ब्लेअर हे अंतर तेव्हाही पावणेचौदाशे किलोमीटरच होतं. आज जहाजाला त्याला अडीच-तीन दिवस लागतात, विमानाला सव्वादोन तास. पण जन्मठेपेच्या कैद्याला त्या अंतराचा काय उपयोग? त्याच्या घरच्यांसाठी ते मोजता न येणारं होतं. आमचा मुलगा त्याच गावाहून एका दिवसात घरी आला, हे सांगताना मला दरवेळी थोडं थांबायला होतं.

आता आपल्या काळात काय बदललं आहे? हाक क्षणात पोहोचते, माणूस मात्र पोहोचत नाही. बुधवारी रात्री माझी लेक माझ्या तळहातावर होती. तिचे विस्कटलेले केस दिसत होते, पावसाचा आवाज येत होता, तिने बाबांचे रिपोर्ट माझ्याआधी वाचले होते. पण तिला त्यांच्या कपाळावर हात ठेवायचा होता, आणि त्या हाताला यायला बहात्तर तास लागले. आधी बातमीलाही वेळ लागायचा, त्यामुळे वाट बघणं दोन्हीकडे वाटून जायचं. आता बातमी लगेच पोहोचते, आणि लांब असलेल्या माणसाला सगळं माहीत असूनही नुसतं बसून राहावं लागतं.

ह्यांना घरी आणल्यावर आठवड्याभराने तो विषय निघालाच. सगळे जेवत होतो. मी म्हटलं, "नोकरी इथेही मिळेल की." लेक काही बोलली नाही, ताटातला भात चिवडत राहिली. मुलगा म्हणाला, "ताई, तुझी तर कंत्राटाची आहे, तू सोडू शकतेस." मग तिने हळूच सांगितलं, की त्या दोन दिवसांत विमानतळावर ती एकटी नव्हती. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांचा मुलगा आणि सून. म्हाताऱ्यांना कोचीला दाखवायचं होतं. फार अत्यवस्थ रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवतात. हे तितके अत्यवस्थ नव्हते, म्हणून साध्या विमानाची वाट बघत होते. विमान परत गेलं तेव्हा ते लोक उठले, डबा उघडला आणि तिथेच जेवायला बसले. तिलाही मासा-भात वाढला. कुणी चिडलं नाही, कुणी कपाळाला हात लावला नाही. ती म्हणाली, "आई, माझ्यासाठी ते तीन दिवस होते. त्यांच्यासाठी नेहमीचंच आहे. तीस-बत्तीस चौरस किलोमीटर जमीन, दहा बेटांवर वस्ती, आणि विमान उतरायला एवढी एकच पट्टी."

हे तोवर गप्प होते. औषधाची गोळी पाण्याबरोबर घेऊन म्हणाले, "मग तिथे डॉक्टर नको का? तिथेही कुणाचे तरी बाबा आहेत." एवढं बोलून ते आत जाऊन पडले. त्यानंतर कुणी तो विषय काढला नाही. माझ्या मनातून तो पूर्ण गेला आहे असं मी म्हणणार नाही. पण मी तिला पुन्हा विचारलेलं नाही.

त्याऐवजी आम्ही एक काम केलं. मुलगा परत जाण्याआधी आम्ही चौघं जेवणाच्या टेबलाशी बसलो आणि एक कागद तयार केला. तो फ्रिजच्या दारावर लावला आहे. वर शीर्षक सासूबाईंच्या शब्दाचं: "आपल्या मजला". त्यात अंतर लिहिलेलं नाही. लिहिलं आहे ते असं.

दारापासून दारापर्यंत किती तास, चांगल्या दिवशी. मग, वाईट दिवशी किती. विमान आठवड्यातून कुठल्या वारांना आहे. शेवटचं विमान किती वाजता. कारण अगत्तीची ये-जा दिवसाउजेडीच चालते. विमान रद्द झालं तर दुसरा मार्ग कोणता आणि तिसरा कोणता. वाटेत रात्र काढायची वेळ आली तर कोचीत कुणाकडे, बंगळुरात कुणाकडे. पावसाळ्यात काय बदलतं: बोटी बंद असतात, कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागू होऊन गाड्या सावकाश धावतात, घाटात दरड येऊ शकते. लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, म्हणून भावाने आणि आम्ही तो अर्ज कधी करायचा. आणि शेवटची ओळ लेकीने घातली: घरातल्या कुणाची मोठी शस्त्रक्रिया ठरणारी असेल आणि थांबता येण्याजोगी असेल, तर तारीख घेताना डॉक्टरांना सांगायचं, की एका मुलीची मजल तीन दिवसांची आहे. आमच्या वेळी थांबणं शक्य नव्हतं. पण दरवेळी तसं असेलच असं नाही.

हे वाचणाऱ्या तुम्हा तरुण मंडळींपैकी बरेच जण घरापासून लांब आहात, किंवा जाणार आहात. नोकरी स्वीकारताना पगार बघता, राहण्याची सोय बघता, शहर बघता. तसाच हा कागदही करून बघा. अवघड नाही. नकाशावरचं अंतर घ्या, ताशी आठशेने भागा, अर्धा तास मिळवा. हा झाला विमानाचा वेळ. मग त्यात घर ते विमानतळ, विमानतळावरचं थांबणं, जोडविमानाची वाट आणि उतरल्यावरची बस मिळवा. हा झाला माणसाचा वेळ. मग विचारा, हे विमान रोज आहे का, कुठल्या आकाराचं आहे, आणि पावसात ते उतरतं का. ही झाली तुमची मजल. कधीकधी परदेशातल्या मोठ्या शहराची मजल आपल्याच देशातल्या एखाद्या बेटापेक्षा किंवा डोंगरातल्या गावापेक्षा लहान निघेल. मजल मोठी निघाली म्हणून जाऊ नका, असं मी म्हणत नाही. आमचंच उदाहरण समोर आहे. पण जाताना ती माहीत असू द्या, आणि घरच्यांनाही माहीत करून द्या. म्हणजे एखाद्या रात्री वाट बघायची वेळ आली, तर निदान कशाची वाट बघतो आहोत हे सगळ्यांना ठाऊक असेल.

सध्या त्या कागदाला एक पुरवणी जोडली आहे. यंदा दिवाळीत लेक भावाकडे पोर्ट ब्लेअरला जायचं म्हणते आहे. तीन वर्षांत दोघांची भाऊबीज झालेली नाही. मार्ग असा: अगत्ती ते कोची, कोची ते चेन्नई, चेन्नई ते पोर्ट ब्लेअर. तिन्ही टप्प्यांची बेरीज केली तर २३५५ किलोमीटर भरतात. म्हणजे सरळ रेषेपेक्षा शंभर-सव्वाशेच जास्त. आडवाट म्हणावी इतकं काही नाही. हवेतला वेळ तिन्ही मिळून पाच तासांचा. तरी अगत्तीचं विमान कोचीला पोहोचेपर्यंत पुढची जोडणी हुकते, आणि चेन्नईहून पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळची. म्हणून एक रात्र वाटेत. त्यातून दिवाळीच्या सुमारास बंगालच्या उपसागरात वादळांचे दिवस. तेव्हा एक दिवस हाताशी राखलेला.

पुरवणीवर मुलाने लिहिलं आहे: "ताई ते मी: २२४० किमी. उड्डाण ३ तास १० मिनिटं (नसलेलं विमान). मजल: दोन दिवस, अधिक एक राखीव." त्याखाली ह्यांनी आपल्या अक्षरात भर घातली आहे, की बेळगावचा कुंदा आधी कुरिअरने कोचीच्या मित्राकडे पाठवावा, म्हणजे तिला वाटेत उचलता येईल.

तिकिटं काढून झाली आहेत. राखीव दिवस भाऊबीजेच्या आदल्या दिवशी येतो.